स्वप्नात सुट्टे पैसे

मागच्या पावसाळ्यात एकदा डोंबिवली स्टेशनला उभी होते, लेडीज डबा जिथे येतो तिथे, गाडी नेहमीसारखी लेट, आणि मी आपली नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, श्वास आत घ्यायचा प्रयत्न करत होते. शेजारी एक मावशी होत्या, पिशवीतून मेथीच्या जुड्या डोकावत होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग खाली रुळांकडे, मग परत माझ्याकडे. "काय गं, उंदीर-बिंदीर मेलाय का कुठे?" मी म्हटलं नाही हो मावशी, बघतेय की मी जागी आहे का स्वप्नात. एवढं बोलल्यावर पुढचं सांगणं भागच होतं. स्वप्नात नाक दाबलं तरी श्वास चालूच राहतो, कारण आपलं खरं नाक तिकडे अंथरुणात मोकळं असतं. म्हणून दिवसभरात आठवेल तेव्हा नाक दाबून बघायचं, हाताला सवय लागली की मग स्वप्नातही हात नाकाकडे जातो, श्वास येतो, आणि डोक्यात प्रकाश पडतो की अरे, हे तर स्वप्न आहे. मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं, हसल्या नाहीत, वेडी आहे असाही चेहरा केला नाही. फक्त म्हणाल्या, "बरं, कळलं स्वप्न आहे. मग करायचं काय?"

तेवढ्यात गाडी आली आणि आम्ही दोघी गर्दीत दोन दिशांना लोटल्या गेलो.

प्रश्न साधाच होता, पण मला दादरपर्यंत काही सुचलं नाही. कारण या नादाला लागताना मी हा विचारच केला नव्हता. लुसिड ड्रीमचं, म्हणजे स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे असं कळण्याचं, खूळ माझ्या डोक्यात घातलं ते भाच्याने, दिवाळीत घरी आला होता तेव्हा. तो कॉलेजात आहे, त्याला उडायचंय. त्याचं उत्तर तयार होतं, आत्या, स्वप्नात जागं व्हायचं आणि गच्चीवरून उडी मारायची, बस. मला उडण्यात तसा रस नव्हता, मला त्या गोष्टीचं आश्चर्य वाटलं होतं की झोपलेला माणूस झोपेतून बाहेर निरोप पाठवू शकतो. 1975 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडात हल विद्यापीठात कीथ हर्न नावाच्या संशोधकाने अॅलन वर्स्ली नावाच्या माणसाला डोक्याला वायरी लावून झोपवलं. आधी ठरलेलं होतं की स्वप्नात आहोत हे कळलं की डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे, आणि गाढ झोपलेल्या त्या माणसाचे डोळे खरंच ठरल्याप्रमाणे फिरले, मशीनच्या कागदावर रेघा उमटल्या. स्वप्नं जास्त करून ज्या रेम झोपेत पडतात तिच्यात मानेखालचं शरीर जवळजवळ लुळं असतं, आपण स्वप्नात धावतो पण पाय हलत नाहीत ते त्यामुळेच. डोळे मात्र मोकळे असतात. आणि श्वास. स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी नंतर हेही दाखवलं की स्वप्नात जागा झालेला माणूस ठरवून श्वास रोखू शकतो, जोरात घेऊ शकतो, आणि तो बदल अंथरुणातल्या शरीरात मोजता येतो. आता तर गोष्टी फारच पुढे गेल्यात, 2021 साली अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स अशा चार ठिकाणच्या प्रयोगशाळांनी स्वप्नातल्या लोकांना प्रश्न विचारून उत्तरं मिळवली. एकाला विचारलं आठ वजा सहा किती, त्याने झोपेतच डोळे दोनदा फिरवले. हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ हातातला चहा प्यायचा विसरले होते. झोपेत वजाबाकी! मला जागेपणी भाजीवाल्याकडे जमत नाही.

तसं आपण स्वप्नात आहोत हे अधूनमधून खूप जणांना कळतं. जुन्या सर्वेक्षणांची बेरीज करून 2016 मध्ये आकडा काढला गेला, साधारण 55 टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला असतो. मलाही आला होता, लहानपणी, गणिताच्या पेपरला. पेपर हातात, एकही गणित येत नाही, आणि अचानक शांतपणे वाटलं की जाऊ दे, हे स्वप्न आहे, उठले की संपेल. तेव्हा त्याचं कौतुक वाटलं नव्हतं, सुटले एवढंच वाटलं होतं. आता चाळिशीत तीच गोष्ट ठरवून आणायची म्हटल्यावर मात्र येईना. उशाशी वही ठेवली, उठल्याबरोबर स्वप्न लिहायचं. पहिल्या काही दिवसांत वहीत नुसतं "काहीतरी जिना होता" एवढंच. लाबर्ज यांची पद्धतही केली, पहाटे उठायचं, नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं आणि परत झोपताना मनात घोकायचं, पुढच्या स्वप्नात मला आठवेल की मी स्वप्नात आहे. पहाटे अशासाठी की रेमचे तुकडे रात्रभर साधारण दीड-दीड तासाने येतात आणि सकाळकडे लांब होत जातात. तर्क बिनचूक आहे. पण तो अलार्म वाजला की नवराही उठायचा, आणि मी डोळे मिटून घोकत असताना तो अंधारात विचारायचा, "झालं का तुझं? मी बाथरूमला जाऊ का?"

मग नेटवर कुठेतरी दिसलं की ध्यान करणाऱ्यांना हे लवकर जमतं, आडवं पडून श्वासावर लक्ष ठेवायचं, शरीर झोपू द्यायचं आणि आपण जागं राहायचं, की सरळ जागेपणातून स्वप्नात उतरता येतं. ऐकायला सोपं. एका पहाटे मी तसं करत होते, श्वास येतोय जातोय, हातपाय जड होत गेले, डोळ्यांसमोर रंगांचे डाग सरकायला लागले, म्हटलं जमतंय, आणि एकदम कळलं की मला हलता येत नाहीये. बोट सुद्धा नाही. छातीवर वजन, खोलीत पायाशी कोणीतरी उभं आहे अशी पक्की खात्री, ओरडायला तोंड उघडत नाही. आमची आजी याला छातीवर कोणीतरी बसतं म्हणायची, आणि पोरं घाबरून उठली की उशीखाली अडकित्ता ठेवायची. मला कारण माहिती होतं, रेममधला शरीराचा लुळेपणा उतरायच्या आधी मन जागं झालं की असं होतं, थोड्या वेळात जातं. पण माहिती असणं आणि त्या वेळी न घाबरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातून सोडवलं ते श्वासानेच, कारण सगळ्या शरीरात तेवढीच एक गोष्ट चालू होती, तिलाच धरून राहिले आणि हळूच करंगळी हलली. त्यानंतर मी बरेच दिवस वहीला हात लावला नाही. शेजारच्या बिल्डिंगमधल्या योगनिद्रेच्या क्लासलाही जाऊन बघितलं, तिथे शवासनात पडून सांगतील त्या त्या अवयवावर मन न्यायचं असतं. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या पुढे मी कधी जागी राहिले नाही. घोरतेस, असं मैत्रिणीने सांगितलं.

इगतपुरीला गेले ती यासाठी नाही. ऑफिसात आणि घरात एकाच वर्षी खूप काही झालं होतं, डोकं बधिर झालं होतं, एक मैत्रीण विपश्यनेचं शिबिर करून आलेली, तिने फॉर्म भरायला लावला. धम्मगिरीला गेलेल्यांना पुढचं सांगायला नको, मोबाईल जमा, वही-पेन नाही, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्यमौन, चारला घंटा. पाऊस असा की समोरचा डोंगर दिवसातून एखाद्या वेळी दिसायचा, बाकी नुसतं पांढरं. दोरीवरचे कपडे शेवटपर्यंत वाळले नाहीत. घाट चढून आलेल्या गाड्यांचे भोंगे ऐकू यायचे आणि प्रत्येक भोंग्याला मन त्या गाडीत बसून घरी जाऊन यायचं. सुरुवातीचे दिवस आनापान, म्हणजे नाकाच्या दारातून जाणारा-येणारा श्वास बघायचा. तो लांब करायचा नाही, खोल करायचा नाही, जसा आहे तसा. मला पहिल्याच दिवशी हॉलमध्ये हसू आलं, कारण इतके महिने मी याच नाकाला स्टेशनवर चिमटे काढत होते. दुसऱ्या दिवशी हसू वगैरे सगळं संपलं. श्वास बघायला बसावं आणि पाचव्या श्वासाला लक्षात यावं की आपण गॅस सिलिंडर नोंदवला का याचा विचार करतोय. परत यावं. परत जावं. गुडघे दुखतात, पाठ दुखते, समोरच्या बाईची शाल घसरते तिकडे लक्ष. त्यात एक बारीकशी गोष्ट मात्र मला दिसायला लागली. मन भरकटलेलं असतं तोवर आपण भरकटलोय हे कळतच नाही, सिलिंडरवाल्याशी भांडण अगदी खरं चालू असतं, आवाजासकट. आणि मग मधेच, आपण काही न करता, कळतं. कोण कळवतं, कसं, काही पत्ता लागत नाही. ते कळण्याचं एक क्षणभराचं टोक असतं, मला त्या टोकाची चटक लागली.

सकाळचं पहिलं ध्यान झालं की साडेसहाला नाश्ता, आणि मग आठपर्यंत विश्रांती. उपमा आणि कढत दूध पोटात गेल्यावर खोलीत जाऊन पांघरूण ओढलं की मेल्यासारखी झोप लागायची. आता मागे वळून बघताना कळतं की ते वेळापत्रक म्हणजे लाबर्ज यांच्या पुस्तकी नियमाची तंतोतंत अंमलबजावणी होती, पहाटे चारला उठवा, दोन-अडीच तास जागं ठेवा, लक्ष ठेवायचा सराव करून घ्या आणि मग रेमच्या ऐन वेळेला परत झोपू द्या. तिथल्या कोणाच्या मनात असलं काही नसणार. माझ्याही नव्हतं, वहीच नव्हती तर.

एका सकाळी त्या झोपेत मी महाडच्या एसटी स्टँडवर होते. लहानपणी मे महिन्यात आजोळी जाताना तिथे गाडी बदलायला लागायची. डिझेलचा आणि तळणीचा वास, पावसाळी ताडपत्री, आणि रांगेसाठी लावलेले ते लोखंडी पाइप, लोकांच्या हातांनी गुळगुळीत झालेले. गाडीवर पाटी होती, मी वाचली, महाड–बोरिवली. मान वळवून परत वाचली तर बोरिवलीच्या जागी काहीतरी बोरीचं झाड असं लिहिलेलं, आणि तिसऱ्यांदा बघेपर्यंत अक्षरं मुंग्यांसारखी सरकत होती. स्वप्नात लिहिलेलं टिकत नाही हे मी शंभरदा वाचलं होतं, पण मला ते वाचलेलं आठवलं नाही, नाक दाबायचंही आठवलं नाही. नुसतं ते टोक आलं, हॉलमध्ये यायचं तसंच. अच्छा. हे स्वप्न आहे. आणि त्याबरोबर सगळं इतकं स्पष्ट झालं की काय सांगू, पाइपवरचा गंजाचा पापुद्रा दिसला, तो नखाने काढला तर नखात गेला. उत्तेजित झालं की जाग येते हे माहिती होतं म्हणून हात एकमेकांवर चोळले, तळहात खरखरीत लागले, गरम झाले. ते हात मी बघत उभी राहिले. माझेच होते, अंगठीसकट, आणि नव्हतेही.

आता खरं म्हणजे मनात यादी तयार असायला हवी होती. ज्यांना भेटायचं होतं अशी एक-दोन माणसं आहेत, ती आता फक्त तिथेच भेटू शकतात. पण मला कोणीच आठवलं नाही. मी आपली शिस्तीत एसटीत चढले आणि खिडकीशी बसले. कंडक्टर आला, तो जुना पत्र्याचा तिकिटांचा डबा, हातात चिमटा टिकटिक वाजवत. मी त्याला अगदी आनंदाने म्हटलं, "अहो, हे सगळं स्वप्न आहे माहितीये का? तुम्ही पण."

"असू दे की," तो म्हणाला. "तीन रुपये सुट्टे द्या."

आणि मी पर्स उघडली! पर्समध्ये दहाची नोट, मेथीची पानं, कुणाचं तरी आधार कार्ड, सुट्टे काही सापडेनात, मागचे लोक खोळंबलेत, कंडक्टर चिमटा वाजवतोय, मला घाम फुटलेला, आणि स्वप्न-बिप्न सगळं मी पार विसरून गेलेली. जाग आली तेव्हा उशीखाली हात घालून पैसे शोधत होते. बाहेर आठची घंटा होत होती.

दुपारी बाराला शिक्षिकेला भेटून शंका विचारता येतात. मी गेले, खाली बसले, हळू आवाजात सांगितलं. मला वाटलं होतं निदान भुवया तरी वर जातील. त्यांनी विचारलं, "नाश्त्यानंतर झोपता का?" मी हो म्हटलं. म्हणाल्या, "सकाळी जरा कमी खा." झालं, पुढची आत आली.

तेव्हा राग आला होता, नंतर त्यांचं वागणं मला पटत गेलं, थोडंफार. थोडंफारच, कारण जिला स्वप्नात जाग आली तिला कमी उपमा खा म्हणणं जरा अतीच आहे. पण त्यांच्या परंपरेत स्वप्न हे कमावायचं सामान नाही. पतंजलींनी मात्र एका सूत्रात स्वप्नात आणि झोपेत मिळालेलं ज्ञान मन स्थिर करायला आधार म्हणून चालेल असं म्हणून ठेवलंय, बाकीच्या उपायांच्या रांगेत, "हेही चालेल" अशा सुरात. तिबेटी बौद्धांकडे तर नारोपा या जुन्या आचार्यांच्या सहा योगांमध्ये स्वप्नयोग हा एक अख्खा योग आहे, स्वप्नात जागं व्हायचं, मग तिथल्या वस्तू बदलून बघायच्या, एकाच्या अनेक करायच्या, मोठ्याच्या लहान, आणि हे सगळं मनाचं आहे हे तिथेच अनुभवायचं. मौज म्हणून नव्हे, मरताना उपयोगी पडावं म्हणून. भाच्याच्या गच्चीपासून हे फारच लांब. आणि घाईच्या लोकांसाठी वाईट बातमी, 2019 साली छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात असं दिसलं की वर्षानुवर्षं ध्यान करणाऱ्यांना लुसिड स्वप्नं जास्त पडतात, पण नवख्यांना आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा कोर्स करून काही फरक पडला नाही. अर्थात जुन्या साधकांना ध्यानामुळे पडतात की तशी स्वप्नं पडणारी माणसंच ध्यानाला टिकतात हे त्यावरून सांगता येत नाही. माझं तर एका नाश्त्यावरचं प्रकरण, त्यावरून मी काय बोलणार. तरी मनात एक बसलंय, की ते टोक ओढून आणता येत नाही, त्याची वाट फक्त जरा मोकळी ठेवता येते, आणि ध्यानात आपण दिवसभर तेवढंच करत असतो.

पण माझ्या डोक्यातून जात नाही तो कंडक्टर. स्वप्न आहे हे मला माहिती होतं, मी ते तोंडाने म्हटलं होतं, तरी तीन रुपयांसाठी मी परत गाढ झोपले. घरी आल्यावर हे सगळं वडिलांना सांगितलं, ते गाथा वाचणारे, ते म्हणाले अगं मग तुकोबांचं तूप काय वेगळं आहे. मी तो अभंग शाळेपासून ऐकलाय पण असा कधी ऐकला नव्हता. बाबाजी चैतन्य स्वप्नात येतात, गंगास्नानाला जाताना वाटेत गाठून तुकोबांच्या डोक्यावर हात ठेवतात, रामकृष्णहरि मंत्र देतात, माघ शुद्ध दशमी, गुरुवार, सगळं तपशीलवार. आणि त्याच्यातच मधे ही ओळ, "भोजना मागती तूप पावशेर, पडिला विसर स्वप्नामाजी". गुरूने जेवायला पावशेर तूप मागितलं आणि द्यायचं राहिलं, स्वप्नात विसर पडला. पुढे लगेच हळहळ, की त्या अंतरायामुळेच ते घाईने निघून गेले की काय. आयुष्यातला सगळ्यात मोठा अनुभव सांगताना तुकोबा तुपाचं गाळत नाहीत. मला ते फार जवळचं वाटलं. नामदेवांनी पांडुरंगाला सोबत आणून स्वप्नामाजी जागं केलं असंही तेच सांगतात, ते ऐकताना अंगावर काटा येतो, पण काटा काय, कोणत्याही मोठ्या गोष्टीला येतो. त्या पावशेर तुपाला मात्र मला हसूही येतं आणि घशात काहीतरी अडकतंही. वडील म्हणाले, तुला तीन रुपये मागितले, त्यांना तूप, ज्याची त्याची ऐपत.

तर त्या मेथीवाल्या मावशी परत भेटल्या असत्या तर काय सांगितलं असतं? "काही करायचं नाही, नुसतं बघायचं" हे उत्तर माझ्याकडे तयार आहे, छान वाटतं, शिबिराला शोभतं. पण ते मला अर्धवटच खरं वाटतं. मला बघायचं नव्हतं नुसतं, मला आईला विचारायचं होतं की तुझ्या लोणच्यात मेथीदाणे तळून घालायचे की कच्चे, आणि अजून एक-दोन गोष्टी, आणि त्या बसच्या खिडकीतून हाक मारली असती तर ती कदाचित आलीही असती. ती खरी नसती हे मला कळतं. कंडक्टरही खरा नव्हता, त्याला मी पैसे देणारच होते की.

आता मी सकाळी बसते, जमेल तेवढं, कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या आधी. नाकाला चिमटे काढणं सोडलंय, पहाटेचा अलार्मही बंद, नवरा खूश आहे. अधूनमधून एखादं स्वप्न मधेच उजळतं, मग लगेच काहीतरी काम निघतं, दूध उतू जातं, कोणाचा तरी डबा राहिलेला असतो. परवा भाच्याचा मेसेज आला, आत्या, उडालो!!! ध्यान नाही, काही नाही, रात्री पिझ्झा खाऊन झोपलेला. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. लगेच फोन केला, म्हटलं सगळं सांग, वरून कसं दिसत होतं, आपली गच्ची दिसली का, वारा लागत होता का. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अगं, चप्पल पडेल म्हणून सगळा वेळ पायांकडेच बघत होतो."